पहिलाच स्मार्ट होम सेटअप : डोंगल, हब, की नुसतं वाय-फाय?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही चुकीचं समजलो असेन तर लगेच लक्षात येईल. घोडबंदर रोडला कासारवडवलीत तुमचा स्वतःचा टू बीएचके आहे. इमारत सात-आठ वर्षांची, दिवसभर घरात आई-वडील. हॉल आणि बेडरूमचे दिवे, पंखे, गीझर आणि मुख्य दाराला एक सेन्सर, एवढ्यापासून सुरुवात करायची आहे. जुना लॅपटॉप पडून आहे, त्यावर होम असिस्टंट हे घर चालवणारं सॉफ्टवेअर टाकणार आहात. अडलंय ते या लॅपटॉपला घराशी जोडणाऱ्या वस्तूपाशी. झिगबी या रेडिओ पद्धतीचा यूएसबी डोंगल (यूएसबीत खोचायचा छोटा रेडिओ) घ्यायचा, दिवाळीत अमेरिकेहून येणारा मावसभाऊ आणेल ती झेड-वेव्ह या दुसऱ्या रेडिओ पद्धतीची स्टिक, म्हणजे तसाच डोंगल, वापरायची, एखाद्या कंपनीचा तयार हब, म्हणजे सगळ्या वस्तूंना जोडणारा डबा, घ्यायचा, की वाय-फायचे स्विच लावून मधलं काहीच नको?

उत्तर आधी देऊन टाकतो. तुमच्या घरासाठी झिगबीचा यूएसबी डोंगल घ्या, आणि त्याच्यासोबत एक-दीड मीटरची यूएसबी एक्स्टेंशन केबल. मावसभावाला स्टिक आणायला सांगू नका. पण नुसतं हे नाव घेऊन दुकानात गेलात तर अर्धंच काम होईल, कारण मला तुमचा खरा प्रश्न वेगळा वाटतो.

डोंगल सहा महिन्यांनी बदलता येतो. लॅपटॉपही बदलता येतो, होम असिस्टंटऐवजी दुसरं काही टाकता येतं. पण भिंतीतल्या बोर्डांत एकदा दहा-बारा मॉड्यूल (दिवे-पंखे चालू-बंद करणारे छोटे डबे) बसले, वायरमनने प्लेटा परत लावल्या, की ते पुन्हा उघडायची तयारी कोणाची नसते. पैसाही सगळा तिथेच जातो. म्हणून इंटरफेस, म्हणजे ही जोडणारी वस्तू, निवडताना आपण खरं म्हणजे भिंतीतल्या वस्तू कोणत्या पद्धतीने बोलणार ते ठरवत असतो. ती पद्धत जितक्या जास्त कॉम्प्युटरना आणि जितक्या जास्त सॉफ्टवेअरना समजते, तितके तुम्ही पुढे मोकळे राहता.

दुसरी कसोटी माझ्या आधीच्या कामातून आलेली आहे. घरांची कामं घ्यायला लागण्यापूर्वी मी रबाळे एमआयडीसीत कंट्रोल पॅनलवर होतो. तिथे मोटारीच्या पॅनलवर ऑटो-मॅन्युअलचा सिलेक्टर स्विच असायचाच. पीएलसी, म्हणजे मोटार चालवणारा कंट्रोलर, मेला तरी ऑपरेटरने सिलेक्टर मॅन्युअलला फिरवून पंप चालू केला पाहिजे, हा नियम. घरातही मी तोच नियम पाळतो. लॅपटॉप बंद, इंटरनेट बंद, तुम्ही ऑफिसात, अशा वेळी तुमच्या आईने नेहमीचं बटण दाबलं तर दिवा लागलाच पाहिजे. ही अट पूर्ण न करणारी कुठलीही रचना, कितीही स्वस्त मिळाली तरी, आई-वडील राहत असलेल्या घरात मी बसवत नाही.

आता तुमचे पर्याय एकेक करून.

तुम्ही जुन्या लेखांत एक्स-१० बद्दल वाचल्याचं लिहिलंय. ती १९७५ सालची पद्धत, स्कॉटलंडच्या पिको इलेक्ट्रॉनिक्सची. घराच्या विजेच्या वायरींमधूनच १२० किलोहर्ट्झचा सिग्नल पाठवायचा, वेगळी वायर नाही. आज ती घेऊ नका. मोबाइलचे चार्जर, एलईडीचे ड्रायव्हर असा सगळा एसएमपीएसचा (स्विचिंग पॉवर सप्लायचा) पसारा वायरींत इतका गोंगाट करतो की सिग्नल हरवतो, आणि थ्री-फेज कनेक्शन असलेल्या घरात एका फेजवरचा सिग्नल दुसऱ्या फेजवर सहजी जात नाही. पण त्यांच्या सीएम११ए या कॉम्प्युटर इंटरफेसमधली एक गोष्ट मला अजून आवडते. कॉम्प्युटरवर वेळापत्रक बनवायचं, सीरियल केबलने त्या डब्यात उतरवायचं, मग कॉम्प्युटर बंद केला तरी डबा स्वतःच्या मेमरीतून दिवे लावत राहायचा. कॉम्प्युटर नसतानाही घर चाललं पाहिजे हे त्या लोकांना तेव्हा कळलेलं होतं.

झेड-वेव्ह पद्धत म्हणून उत्तम आहे, अडचण फ्रिक्वेन्सीची आहे. अमेरिकेतली झेड-वेव्ह ९०८.४ मेगाहर्ट्झवर चालते, युरोपात ८६८.४ वर आणि भारतात ८६५.२ वर. तिकडून आणलेली स्टिक इथल्या स्विचशी बोलणार नाही. तिकडचेच स्विचही आणले तर ते १२० व्होल्टसाठी बनवलेले, आपल्या २३० व्होल्टवर लावायचा प्रश्नच येत नाही, शिवाय ती फ्रिक्वेन्सी आपल्याकडे अशा वापरासाठी मोकळी नाही. काही नव्या स्टिकमध्ये सॉफ्टवेअरमधून देश बदलता येतो हे खरं, पण भारतीय फ्रिक्वेन्सीची मॉड्यूल आपल्या बाजारात मोजकीच मिळतात. पहिल्याच सेटअपला माणसाने अशा ठिकाणी अडकू नये, जिथे एक मॉड्यूल जळालं तर दुसरं मिळवायला महिना जाईल.

वाय-फायचे स्विच हा सगळ्यात सोपा रस्ता दिसतो, आणि दोन-तीन वस्तूंपुरता तो खरंच सोपा आहे. भाड्याच्या घरात दोन स्मार्ट प्लग एवढंच हवं असतं, तर मी तेच सुचवलं असतं. पण तुमची यादी वाढणार. अशी बहुतेक मॉड्यूल फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, प्रत्येक मॉड्यूल राउटरकडे एक जागा धरून बसतं, आणि इंटरनेट कंपनीने दिलेला साधा राउटर पंचवीस-तीस वस्तू झाल्या की दमतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे यातली बरीच मॉड्यूल आदेश घेतात ते बाहेरच्या सर्व्हरकडून. पावसाळ्यात रस्ता खणताना फायबर तुटली की फोनवरून हॉलचा दिवाही लागत नाही. इंटरनेटशिवाय चालणारी वाय-फाय मॉड्यूलही मिळतात, ईएसपी३२ सारख्या चिपवर टास्मोटा किंवा ईएसपीहोम ही सॉफ्टवेअर टाकून स्वतः तयार करता येतात. मला ते काम फार आवडतं. तुम्हाला सोल्डरिंगची आवड असेल तर दुसऱ्या वर्षी जरूर करा.

तयार हबबद्दल माझं मत थोडं कडक आहे. हब लावला की पहिल्या दिवशी सगळं छान चालतं, ॲप सुंदर असतं. पण कंपनीने सेवा गुंडाळली की भिंतीतला माल चांगला असूनही निरुपयोगी ठरू शकतो. सीवूड्सच्या एका घरात मला नेमकं हेच पाहायला मिळालं. तिथली मॉड्यूल झिगबीची होती म्हणून निभावलं. हब काढला, डोंगल लावला, एकेक मॉड्यूल रिसेट करून नव्याने जोडलं, भिंतीला हात लावावा लागला नाही. मॉड्यूल त्या कंपनीच्या खाजगी रेडिओवर चालणारी असती तर सगळे बोर्ड उघडावे लागले असते. म्हणून हब घ्यायचाच असेल तर निदान तो कोणत्या पद्धतीने बोलतो ते विचारून घ्या.

मॅटरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी सांगेलच. मॅटर हे स्मार्ट उपकरणांचं सामाईक मानक, त्याचं १.० रूप ऑक्टोबर २०२२ मध्ये आलं. दिशा बरोबर आहे, सगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी बोलावीत. त्याच्यासोबत येणारा थ्रेड हा रेडिओ झिगबीच्याच ८०२.१५.४ या रेडिओ मानकाच्या पायावर उभा आहे. पण आपल्या पद्धतीच्या बोर्डात मागे बसणारी छोटी मॉड्यूल आज झिगबीत जितकी सहज मिळतात तितकी थ्रेडमध्ये मिळत नाहीत. दोन्ही पद्धती एकाच डोंगलवर एकदम चालवण्याचा प्रयोगही झाला, पण होम असिस्टंट बनवणारेच आता तो करू नका म्हणतात. उद्या थ्रेड हवं झालं तर दुसरा डोंगल घ्या, दोन्ही एकाच लॅपटॉपवर सुखाने राहतात.

तर झिगबी. डोंगल घेताना ब्रँडपेक्षा आतली चिप पाहा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची सीसी२६५२पी किंवा सिलिकॉन लॅब्सची ईएफआर३२एमजी२१, यांपैकी काहीही चालेल. सोनॉफचे दोन डोंगल याच दोन चिपवर आहेत, नावापुढे पी असलेला पहिलीवर आणि ई असलेला दुसरीवर. सीसी२५३१ चा छोटासा स्वस्त डोंगल अजून विकला जातो, लॅमिंग्टन रोडला कोणी हातात ठेवला तर परत द्या. त्याची पोहोच कमी आणि थेट सांभाळता येणारी उपकरणं फार थोडी.

आता ती एक्स्टेंशन केबल. ती सुचवली की लोक मान हलवतात आणि लावत नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. यूएसबी ३ चा पोर्ट काम करत असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट सोडतो. इंटेलने २०१२ सालीच यावर कागद प्रसिद्ध केला होता. झिगबीही त्याच पट्ट्यात. म्हणजे डोंगल थेट लॅपटॉपला खोचला की तो गोंगाटाच्या तोंडाशी जाऊन बसतो. खारघरच्या एका घरात बेडरूममधले सेन्सर रोज संध्याकाळी गायब व्हायचे, घरमालक नवा, महागडा डोंगल मागवायच्या तयारीत होते. डोंगल मिनी पीसीच्या मागे, शेजारी हार्ड डिस्क आणि वर राउटर. मी तोच डोंगल एक्स्टेंशन केबलने यूएसबी २ च्या पोर्टला लावला, टीव्ही युनिटच्या वर मोकळ्या जागेत ठेवला, राउटरपासून लांब. सेन्सर परत आले आणि टिकले. म्हणून तुम्हाला सांगतो, डोंगल कोणत्या कंपनीचा यापेक्षा तो कुठे ठेवलाय याने जास्त फरक पडतो.

चॅनेलही सुरुवातीलाच ठरवा. झिगबीचे चॅनेल ११ ते २६ आहेत आणि वाय-फायचे १, ६, ११ त्यांच्या बऱ्याच भागावर पसरलेले असतात. तुमच्यासारख्या टॉवरमध्ये वर, खाली, समोर सगळीकडे राउटर. स्वतःच्या राउटरला २.४ गिगाहर्ट्झवर ऑटो ठेवू नका. चॅनेल १ आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ अशी कायमची बांधून द्या, मग झिगबीला २० किंवा २५ द्या. २६ टाळा, त्यावर काही उपकरणं कमी ताकदीने बोलतात. हे उपकरणं जोडण्यापूर्वी करायचं, कारण नंतर चॅनेल बदलला तर काही उपकरणं पुन्हा जोडावी लागतात.

इथपर्यंतचं थोडक्यात: झिगबी, चांगल्या चिपचा डोंगल, केबलने लांब, चॅनेल आधी ठरलेला. आता भिंतीकडे वळू, कारण यश तिथे ठरतं.

वायरमनला बोलावून हॉलचा बोर्ड उघडून घ्या आणि आत न्यूट्रलची वायर आहे का पाहा. बोर्डात सॉकेट असेल तर न्यूट्रल असतोच. पलंगाशेजारी एकटा टू-वे स्विच असतो त्या डबीत बहुधा नसतो. न्यूट्रलवाल्या मॉड्यूलला सतत वीज मिळते, म्हणून ते झिगबीत राउटरचं काम करतं, शेजारच्या उपकरणांचे निरोप पुढे पोहोचवतं. न्यूट्रल न लागणारी मॉड्यूल मिळतात, पण ती बहुतेक निरोप पुढे नेत नाहीत, आणि कमी वॉटचा एलईडी लावला की बंद असतानाही तो मंद उजळतो किंवा मिचकतो. मग दिव्याला समांतर कपॅसिटर लावत बसावं लागतं. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत मला ते करावं लागतं. तुमची इमारत नवी आहे, बहुतेक बोर्डांत न्यूट्रल सापडेल.

मॉड्यूल असं घ्या, ज्याला तुमच्या सध्याच्या बटणाच्या दोन वायरी जोडता येतात. बटण तेच, प्लेट तीच, मॉड्यूल मागे लपलेलं. आईने बटण दाबलं की मॉड्यूल तिथल्या तिथे रिले (आतला विजेवर चालणारा स्विच) ओढतं, लॅपटॉपला विचारत नाही. हाच आपला मॅन्युअल सिलेक्टर. बोर्डाचा मागचा डबा उथळ असेल आणि आत वायरींची गर्दी असेल तर मॉड्यूल कोंबू नका. एका बोर्डात चार वेगवेगळी घालण्यापेक्षा दोन किंवा चार गँगचं, म्हणजे तितकी बटणं सांभाळणारं, एकच घ्या.

स्मार्ट बल्ब मात्र तुमच्या घरात नको. वडील रात्री सवयीने भिंतीवरचं बटण बंद करणार, बल्बची वीज गेली की तो जाळ्यातून बाहेर, आणि त्याच्यामार्फत बोलणारा दाराचा सेन्सरही मुका.

पंख्याला दिव्याचा डिमर कधीही लावू नका, मोटर गुंजते आणि तापते. साधा पंखा असेल तर सुरुवातीला रेग्युलेटर आहे तसा ठेवून फक्त चालू-बंद मॉड्यूलवर घ्या. बीएलडीसी पंखा असेल तर त्याला वीज सतत चालू लागते, वेग रिमोटने बदलतो. रिमोट इन्फ्रारेड असेल तर आयआर ब्लास्टरने तो कॉम्प्युटरला देता येईल, पण पंखा उलट उत्तर देत नाही, त्यामुळे स्क्रीनवर दिसणारी स्थिती खरीच असेल असं नाही.

गीझर पहिल्या टप्प्यातून काढा, ही माझी आग्रहाची विनंती आहे. २ किलोवॉटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर ओढतो, ३ किलोवॉटचा इन्स्टंट १३ अँपिअर. बोर्डामागची छोटी मॉड्यूल अनेकदा १० अँपिअरची असतात आणि बंद डब्यात, आपल्या दमट हवेत, तासभर त्या भारावर चालवणं धोक्याचं आहे. पुढे करायचंच झालं तर डीबीमध्ये (घराच्या मुख्य वितरण डब्यात) योग्य रेटिंगचा कॉन्टॅक्टर (मोठा भार पेलणारा रिले) बसवा आणि मॉड्यूलने फक्त त्याची कॉइल चालवा. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

लॅपटॉपबद्दल. तो ६४-बिटचा हवा आणि यूईएफआयवर (नव्या लॅपटॉपांतली सुरू होण्याची पद्धत) बूट होणारा. होम असिस्टंट ओएस पूर्ण डिस्क घेतं, तेव्हा आतले फोटो आधी काढून ठेवा. विंडोजच्या आत व्हर्च्युअल मशीन करून चालवू नका, डोंगल आत पोहोचवण्यात आणि विंडोजच्या अपडेटांत वेळ जाईल. एसएसडी असेल तर फारच छान. रास्पबेरी पायची गरज तुम्हाला आज नाही. तो वीज कमी खातो हे खरं, पण १० वॉटचा फरक धरला तरी महिन्याला ७.२ युनिट होतात, त्यासाठी नवं यंत्र घेण्याची घाई नको. लॅपटॉपची बॅटरी आयती यूपीएस म्हणून कामाला येते. चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर बांधता येत असेल तर बांधा, आणि महिन्यातून एकदा लॅपटॉप उलटा करून बॅटरी फुगली नाही ना ते पाहा. फुगलेली दिसली तर त्याच दिवशी काढा.

सेटिंगमध्ये डोंगल निवडताना पोर्टच्या क्रमांकाने निवडू नका, त्याच्या सीरियल ओळखीने निवडा. नाहीतर रीस्टार्टनंतर क्रमांक बदलतो आणि डोंगल सापडत नाही असा संदेश येतो. झिगबी सांभाळायला झिगबी२एमक्यूटीटी हे सॉफ्टवेअर वापरा किंवा होम असिस्टंटमधलं झेडएचए, नवख्याला झेडएचए पुरतं. दोन्हीत नेटवर्कचा बॅकअप निघतो. तो पेनड्राइव्हवर ठेवा. डोंगल जळाला तर तसाच दुसरा आणून बॅकअप उतरवला की भिंतीतल्या मॉड्यूलना बदल कळतही नाही. डोंगल बदलता येतो असं मी वर म्हटलं ते या बॅकअपच्या भरवशावर.

आणखी एक सेटिंग पहिल्याच दिवशी करा. वीज जाऊन परत आली की मॉड्यूलने काय करायचं हे प्रत्येक मॉड्यूलमध्ये ठरवता येतं. काही मॉड्यूल मुळात चालू अवस्थेत येतात, म्हणजे रात्री तीनला महावितरणची वीज परतली की बेडरूमचा दिवा डोळ्यांवर. ते बंद किंवा आधी होतं तसं असं करून घ्या. मग मेन एमसीबी पाडून परत चढवून तपासा, आई-वडील जागे असताना.

पहिल्या खरेदीत डोंगल, केबल, हॉलच्या बोर्डासाठी एक मॉड्यूल आणि दाराचा सेन्सर एवढंच घ्या. महिनाभर आई-वडिलांना वापरू द्या. त्यांनी तक्रार केली नाही तर बेडरूमकडे वळा. तोपर्यंत बोर्ड उघडलात की आतला एक फोटो आणि डब्याची खोली मला कळवा. फोटो काढताना नुसतं बटण बंद करू नका, त्या खोलीचा एमसीबी खाली पाडा आणि टेस्टर लावून पाहा. मग कोणतं मॉड्यूल त्यात बसेल ते मी नेमकं सांगेन.